आधी हिशेब, मग कविता : लेखन कसं जन्माला आलं

तळहातावर मावेल एवढी मातीची एक पाटी आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर काही गोल खळगे आहेत, काही लांबट खळगे आहेत, जवाच्या कणसाचं चित्र आहे आणि दोन चिन्हं अशी आहेत की त्यांचा उच्चार अभ्यासक 'कुशिम' असा करतात. सगळा मजकूर मिळून एवढाच : २९,०८६ मापं जव, ३७ महिने, कुशिम. आजच्या मापात हे धान्य सुमारे १ लाख ३५ हजार लिटर भरतं. तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात ते जमा झालं आणि त्याचा जबाबदार कुशिम, असा या नोंदीचा अर्थ लावला जातो. जवापासून बिअर बनवणाऱ्या कोठाराशी हा व्यवहार जोडलेला असावा.

कुशिम हे माणसाचं नाव की पदाचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ते माणसाचं नाव असेल, तर लेखनातून आपल्यापर्यंत पोचलेल्या अगदी पहिल्या काही नावांत ते येतं. आणि हा माणूस राजा नव्हता, ऋषी नव्हता, कवीही नव्हता. तो कोठाराचा हिशेब ठेवणारा होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लेखनाचा उगम समजून घ्यायचा असेल तर देवळाच्या गाभाऱ्यात किंवा राजाच्या दरबारात शिरण्याआधी कोठारात शिरावं लागतं.

आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं की माणूस बोलत होता, मग त्याला आपलं बोलणं टिकवावंसं वाटलं आणि म्हणून त्याने अक्षरं शोधली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जे पुरावे मिळाले ते वेगळं सांगतात. तिथली सर्वांत जुनी लेखी चिन्हं वाक्यं लिहीतच नाहीत. क्रियापदं जवळजवळ नाहीत, विभक्तिप्रत्यय नाहीत. काय, किती, कोणाचं, एवढंच त्यांत आहे. बोलणं कागदावर (इथे मातीवर) उतरवण्याची सोय पुढे कित्येक शतकांनी झाली.

कोठार एवढं मोठं का झालं?

लहान वस्तीत उधारी लक्षात ठेवायला लिहावं लागत नाही. कोणी कोणाला किती धान्य दिलं हे दोघांना माहीत असतं आणि शेजाऱ्यांनाही माहीत असतं. खोटं बोलणाऱ्याला त्याच वस्तीत राहायचं असतं. माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडते.

उरुक हे शहर नेमक्या याच टप्प्यावर पोचलं होतं. दक्षिण इराकमधल्या या जागेला आज वारका म्हणतात. इ.स.पू. ३३०० ते ३१००च्या सुमारास ते सुमारे २५० हेक्टरवर पसरलं होतं आणि त्या काळच्या जगातलं बहुधा सर्वांत मोठं शहर होतं. आसपास युफ्रेटिसच्या गाळाची सुपीक जमीन होती, पण पाऊस तुटपुंजा. त्यामुळे शेती कालव्यांवर, आणि कालवे खणायचे व उपसायचे तर शेकडो माणसं कामाला लावायची. दगड, चांगलं लाकूड, धातू यांपैकी तिथे काहीच मिळत नाही. ते सगळं बाहेरून आणायचं आणि बदल्यात लोकर, कापड, धान्य द्यायचं. शहराच्या मधोमध एआन्ना नावाचा इनान्ना देवीचा परिसर होता. तिथे मेंढरं येत, जव येई, मासे येत, आणि तिथून कामकऱ्यांना शिधा दिला जाई.

या शिध्याची एक खूण आजही उत्खननात पावलोपावली सापडते. तिरक्या काठाची, ओबडधोबड, साच्यातून भराभर काढलेली मातीची वाडगी. अशी हजारो वाडगी मिळाली आहेत. आणि गंमत अशी की पाट्यांवर 'शिधा' किंवा 'अन्न' दाखवणारं चिन्ह याच वाडग्यासारखं दिसतं. त्याच्या शेजारी माणसाचं डोकं काढलं की त्याचा अर्थ 'खाणं'.

जर्मन पुरातत्त्वज्ञांनी उरुकमध्ये १९१२ मध्ये उत्खनन सुरू केलं आणि १९२८ नंतरच्या हंगामांत एआन्नाच्या परिसरात या अतिप्राचीन पाट्या हाती लागू लागल्या. त्या कुठल्या दप्तरखान्यात नीट रचून ठेवलेल्या नव्हत्या, तर भरावात आणि कचऱ्यात फेकून दिलेल्या होत्या. काम संपलं की पाटी टाकून द्यायची. आतापर्यंत अशा पाच हजारांवर पाट्या आणि तुकडे मिळाले आहेत. त्यांतल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी निव्वळ जमाखर्चाच्या आहेत. उरलेल्या पंधरांकडे पुढे येऊ.

खड्यांपासून खुणांपर्यंत

पाटीच्या आधी काय होतं? पश्चिम आशियातल्या जुन्या वस्त्यांमध्ये मातीच्या छोट्या छोट्या गोट्या, शंकू, चकत्या, नळकांड्या सापडतात. त्यांतल्या सर्वांत जुन्या इ.स.पू. ८०००च्या आसपासच्या आहेत, म्हणजे शेती सुरू होण्याच्या काळातल्या. खेळणी असतील, ताईत असतील असं म्हणून संशोधक बराच काळ त्यांच्याकडे दुर्लक्ष करत. डेनिस श्मांट-बेसेरा या विदुषींनी १९७०च्या दशकापासून संग्रहालयं पालथी घालून अशा हजारो वस्तूंची नोंद केली आणि सांगितलं की हे मोजणीचे खडे आहेत. एक शंकू म्हणजे धान्याचं एक माप, एक चकती म्हणजे एक जनावर, अशा तऱ्हेचे.

इ.स.पू. ३५००च्या सुमारास यात एक नवी युक्ती आली. ठरलेल्या व्यवहाराचे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात भरायचे, गोळा बंद करायचा आणि ओल्या मातीवर मुद्रा फिरवायची. या मुद्रा दंडगोल असत. लाटण्यासारख्या फिरवल्या की कोरलेलं चित्र मातीवर उमटे. समजा धनगराने मंदिराच्या पंचवीस मेंढ्या चारायला नेल्या. पंचवीस खडे गोळ्यात बंद. परत येताना वाद झाला तर सगळ्यांसमोर गोळा फोडायचा. धनगर खडे काढू शकत नाही आणि कोठीदार घालू शकत नाही. गोळा दोघांपैकी कोणाच्याच बाजूचा नसतो. लेखनाचं सगळं सामर्थ्य मला इथे बीजरूपात दिसतं : दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर विचारायला तिसरी आठवण.

अडचण एकच होती. आत काय आहे हे पाहायचं तर गोळा फोडावा लागे आणि फोडला की पुरावा संपला. म्हणून काही गोळ्यांवर, माती ओली असतानाच, आतले खडे बाहेरून दाबून ठसे उमटवलेले दिसतात. सूसा या आजच्या इराणमधल्या ठिकाणी आणि उरुकमध्ये असे गोळे मिळाले आहेत. एकदा ठसे बाहेर आले की आतल्या खड्यांची गरज उरत नाही. मग गोळा पोकळ ठेवण्याचंही कारण नाही. मातीची चपटी वडी पुरते. ही झाली पहिली पाटी. तिच्यावर फक्त आकडे आणि मुद्रेचा ठसा असे.

या मांडणीतला आकड्यांचा भाग बहुतेकांना मान्य आहे. वस्तूंची चिन्हंही खड्यांच्या आकारांवरूनच आली हे मात्र सगळ्यांना पटलेलं नाही. वर्तुळात फुली हे मेंढीचं चिन्ह फुली मारलेल्या चकतीशी जुळतं खरं, पण अशा जोड्या थोड्या आहेत आणि उरुकच्या पाट्यांवर आकड्यांखेरीज सुमारे ९०० निरनिराळी चिन्हं आहेत. मलाही ही शंका रास्त वाटते. डोकं, हात, मासा, कणीस, बैलाचं तोंड ही चिन्हं सरळ पाहून काढलेली आहेत. त्यांना खड्याचा आधार लागला नसावा.

आकड्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे त्या काळची विचार करण्याची पद्धत उघडी पडते. आपल्याला 'पाच' ही संख्या वस्तूपासून वेगळी दिसते : पाच माणसं, पाच आंबे, नुसते पाच. उरुकच्या कारकुनांकडे अशी एकच मोजणी नव्हती. अभ्यासकांनी त्यांच्या डझनभर वेगवेगळ्या पद्धती शोधून काढल्या आहेत. मेंढ्या आणि माणसं मोजताना लहान खळगे दहा झाले की एक गोल खळगा, असे सहा गोल झाले की साठाचं मोठं चिन्ह. पण जव मोजताना तोच गोल खळगा सहा लहान खळग्यांएवढा. म्हणजे काय मोजलंय हे कळल्याशिवाय आकडा वाचताच येत नाही. आपल्याकडे धान्य पायली, मण, खंडीत आणि आंबे डझनात मोजताना जी सवय लागते तिचं हे टोकाचं रूप. वस्तूपासून सुटी झालेली संख्या हीसुद्धा मग लेखनातूनच, शतकानुशतकं हिशेब करता करता, तयार झाली. पुढे बॅबिलोनच्या गणितात साठाची पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि तासाची साठ मिनिटं तिच्याच वारशाने आपल्याकडे आली.

चित्राला आवाज कसा मिळाला?

मेंढी काढता येते, मासा काढता येतो. 'जीव' कसा काढणार? 'परत करणं' कसं काढणार? एखाद्या माणसाचं नाव कसं काढणार?

मराठीतच करून पाहू. 'कर' म्हणजे सरकारला द्यायचा पैसा. त्याचं चित्र काढता येत नाही. पण 'कर' म्हणजे हातसुद्धा, आणि हात काढणं सोपं. करवसुलीच्या वहीत मी हाताचं चित्र काढलं आणि वाचणाऱ्याने ते मोठ्याने 'कर' असं वाचलं, तर काम झालं. त्या क्षणी चित्राचा हाताशी संबंध तुटतो आणि ते एका आवाजाचं चिन्ह होतं.

दक्षिण मेसोपोटेमियातल्या या लोकांच्या सुमेरियन भाषेत अशा एकाच उच्चाराच्या शब्दांची रेलचेल होती. 'ती' म्हणजे बाण आणि 'ती' म्हणजे जीव, आयुष्य. 'गी' म्हणजे बोरू, नदीकाठचं वेत, आणि 'गी' म्हणजे परत करणं, चुकतं करणं. इ.स.पू. ३०००च्या सुमाराच्या हिशेबांत बोरूचं चिन्ह 'चुकतं केलं' या अर्थाने आलेलं दिसतं. भाषेचा आवाज लिपीत शिरला तो बहुधा असा, एका देण्याघेण्याच्या नोंदीतून. माणसांची आणि परगावांची नावं लिहायला ही युक्ती फार उपयोगी पडली.

यातून नवा गोंधळही झाला. तोंडाचं एकच चिन्ह 'तोंड', 'दात', 'शब्द' आणि 'बोलणं' या चारही अर्थांनी वापरलं जाई आणि चारींचे उच्चार निराळे. त्यावर उपाय म्हणून मदतनीस चिन्हं आली. शब्दाआधी ताऱ्याचं चिन्ह असेल तर पुढे देवाचं नाव, लाकडाचं असेल तर लाकडी वस्तू. ती लिहायची, पण वाचताना उच्चारायची नाहीत.

चिन्हांचं रूप बदललं ते मातीमुळे. ओल्या मातीत टोकदार काडीने वळणदार रेघ ओढली की काडीच्या दोन्ही बाजूंना मातीचा बांध उठतो आणि रेघ खराब होते. त्यापेक्षा बोरूचं कापलेलं टोक दाबून उचलणं सोपं आणि जलद. अशा दाबाने खिळ्यासारखा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता ठसा पडतो. काही शतकांत सगळी चित्रं अशा खिळ्यांची बनली आणि मासा मासा दिसेनासा झाला. म्हणून या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात.

या सगळ्याला किती वेळ लागला? पहिल्या पाट्या इ.स.पू. ३३००च्या आसपासच्या, आणि देवांची स्तोत्रं, बापाने मुलाला केलेले उपदेश असे सलग वाङ्मयीन मजकूर मिळतात ते इ.स.पू. २६००च्या सुमारास. मध्ये सुमारे सातशे वर्षं गेली. इ.स.पू. २३००च्या आसपास सम्राट सारगोनची मुलगी एन्हेदुआन्ना, उर शहरातल्या चंद्रदेवतेची महापुजारीण, हिच्या नावावर स्तोत्रं येतात. रचनेवर नाव असलेली आपल्याला माहीत असलेली ही जगातली पहिली व्यक्ती, आणि ती स्त्री आहे. ज्या बोरूने एक हजार वर्षं जव मोजला त्याच बोरूने ती आपल्या देवीशी बोलते आहे.

सुमेरियन लोकांनी स्वतः लेखनाचा उगम वेगळा सांगितला आहे. त्यांच्या एका कथेत उरुकचा राजा एन्मेर्कार दूरच्या अराट्टाच्या अधिपतीला निरोप पाठवतो. निरोप एवढा लांब की दूताला तो पाठ होईना, त्याचं तोंड जड झालं. तेव्हा राजाने मातीची वडी थापली आणि तिच्यावर शब्द ठेवले. उत्खनन या कथेला दुजोरा देत नाही. तरी लेखनाचं दुसरं बळ कथाकाराने बरोबर ओळखलं होतं. बोलणारा जिथे नाही तिथे त्याचं बोलणं जाऊ लागलं.

पाटी कोणाच्या हातात?

उरुकच्या उरलेल्या पंधरा टक्के पाट्या म्हणजे शब्दांच्या याद्या : झाडं, भांडी, मासे, गावं, हुद्दे. हुद्द्यांची एक यादी तर सुमारे हजार वर्षं जवळजवळ त्याच क्रमाने उतरवली गेली, तिच्यातली काही पदं व्यवहारातून गेल्यावरही. या याद्या म्हणजे नव्या कारकुनांचे कित्ते. लेखन सुरू झालं तेव्हापासूनच शिकवणीही सुरू झाली, कारण शेकडो चिन्हं पाठ करायची तर बालपण खर्ची घालावं लागे.

पुढच्या काळातल्या शाळेला 'पाटीघर' म्हणत. निप्पुर शहरात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी एक छोटं घर खणलं. त्यात इ.स.पू. अठराव्या शतकातल्या शाळेच्या सुमारे १,४०० पाट्या आणि तुकडे निघाले. जुन्या पाट्या भिजवून माती पुन्हा वापरण्यासाठीची कुंडीही होती. पोरं आधी नुसते खिळे उमटवायला शिकत, मग चिन्हं, मग याद्या, पाढे, वजनमापं, नमुन्याचे करारनामे, म्हणी, आणि शेवटी काव्य. पंतोजी वरच्या ओळी लिहून देत आणि पोरगा खाली गिरवत असे. एका प्रसिद्ध रचनेतला विद्यार्थी उशीर झाला म्हणून मार खातो, बोलला म्हणून खातो, अक्षर वाईट म्हणून खातो. शेवटी घरी सांगतो, गुरुजींना जेवायला बोलवा. बाप गुरुजींना नवे कपडे आणि अंगठी देतो, आणि गुरुजींना मुलात गुण दिसू लागतात.

शिकण्यासाठी एवढा खर्च येत असल्याने लेखन थोड्यांच्या हाती राहिलं, आणि ज्यांच्या हाती राहिलं त्यांची सत्ता वाढली. ही बाजू लपवू नये असं मला फार वाटतं. उरुकच्या पाट्यांत कामकऱ्यांच्या नोंदी आहेत आणि त्यांची वयवार वर्गवारी जनावरांच्या कळपांसारखीच केलेली आहे. दासीचं चिन्ह 'स्त्री' आणि 'डोंगर' ही दोन चिन्हं जोडून होतं. डोंगराळ परक्या मुलखातून आणलेली बाई, असा त्याचा अर्थ. उरच्या तिसऱ्या राजघराण्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. २१००च्या आसपास, कारभार एवढा कागदी झाला होता की त्या एका शतकातल्या एक लाखाच्या आसपास पाट्या आज उपलब्ध आहेत. त्यांत पुरुष मजुराचा महिन्याचा शिधा साधारण ६० लिटर जव, बाईचा ३०. बायकांचे ताफेच्या ताफे लोकर विणत होते, आणि त्यांची आपल्याला माहिती आहे ती बहुतेक अशा रकान्यांमधूनच.

तरीही पाटी फक्त वरच्यांच्याच हातात राहिली नाही. बॅबिलोनच्या हम्मुराबीचा कायदा इ.स.पू. १७५०च्या सुमाराचा, दोन मीटरहून उंच काळ्या दगडावर कोरलेला. १९०१ मध्ये तो सूसा इथे मिळाला, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात एक कलम असं : कर्जदार शेतकऱ्याचं पीक पुराने वाहून गेलं किंवा पाण्याअभावी आलंच नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचं नाही, कर्जाची पाटी पाण्याने भिजवायची आणि त्या वर्षाचं व्याज भरायचं नाही. मजकूर ओला करून बदलता येतो हे मातीचं वैशिष्ट्य इथे कायद्यात आलं आहे. हम्मुराबीच्याच घराण्यातल्या अम्मि-सदुका या राजाने पुढे कर्जमाफीचा सविस्तर हुकूम काढला. तोही आपल्याकडे आहे. दगडाच्या शेवटी हम्मुराबी म्हणतो की अन्याय झालेल्या माणसाने या शिळेपाशी यावं आणि ती वाचून घ्यावी, म्हणजे वाचता येणाऱ्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावी. बहुसंख्य निरक्षर राहिलेल्या समाजातही लेखी शब्दाचा आधार कसा घेतला जाई, हे या एका वाक्यातून कळतं.

व्यापाऱ्यांची पत्रं तर थेट घरात नेतात. आजच्या तुर्कस्तानातल्या कुलतेपे इथे, प्राचीन कानेश शहरात, उत्तर मेसोपोटेमियातल्या असूर या शहराच्या व्यापाऱ्यांची पेठ होती. गाढवांवरून कथील आणि कापड तिथे जाई आणि चांदी-सोनं परत येई. इ.स.पू. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या २२ हजारांहून जास्त पाट्या मिळाल्या आहेत, कित्येक मातीच्याच लिफाफ्यात. लमास्सी नावाची बाई असूरमध्ये राहून कापड विणून घेते, नवऱ्याकडे, पूशु-केनकडे, विकायला पाठवते आणि पैशांचा हिशेब मागते. एका पत्रात ती विचारते की तुम्ही गेल्यापासून शलिम-अहुमने दोनदा घर बांधलं, आपलं कधी होणार? उर शहरात नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने इ.स.पू. १७५०च्या सुमारास एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं : हलका माल दाखवलास, माझ्या माणसाचा अपमान केलास, आता मी माझ्या अंगणात एकेक लगड पारखूनच घेणार. ही माणसं इतिहासात येण्याजोगी कधीच नव्हती. देणंघेणं लिहिलं जाऊ लागलं म्हणून ती आली.

इतरत्र

लेखनाचा शोध एकदाच लागला असं नाही. इजिप्तमध्ये अबिडोसच्या एका थडग्यात १९८८ मध्ये हाडाच्या आणि हस्तिदंताच्या दीडशेच्या वर छोट्या चिठ्ठ्या मिळाल्या. त्या इ.स.पू. ३२००च्या आसपासच्या, म्हणजे उरुकच्या जवळपास त्याच काळातल्या, आणि त्याही मालावर बांधायच्या. चीनमध्ये मात्र आपल्याला मिळणारं सर्वांत जुनं भरघोस लेखन इ.स.पू. १२५०च्या सुमाराचं, कौल लावण्यासाठी वापरलेल्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर आहे. मध्य अमेरिकेतल्या लोकांनी आपली लिपी स्वतंत्रपणे घडवली. आणि पेरूचं इंका साम्राज्य तर दोरांच्या गाठींवर हिशेब ठेवून चाललं, म्हणून लेखनाशिवाय मोठं राज्य अशक्य असं म्हणता येत नाही. नोंदीशिवाय अशक्य, असं फार तर म्हणता येईल.

सिंधू संस्कृतीची लिपी अजून वाचता आलेली नाही. लेख फार छोटे, सरासरी पाच चिन्हांचे. पण त्या लोकांची मेसोपोटेमियाशी ओळख होती. मेलुहा या देशाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात असं सारगोन अभिमानाने सांगतो. हा मेलुहा म्हणजे सिंधूचं खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात. लूव्रमध्ये शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे आणि तिच्यावर त्याचा हुद्दा लिहिलाय : मेलुहा भाषेचा दुभाष्या.

महाराष्ट्रात लेखन आलं ते खूप नंतर आणि ब्राह्मी लिपीत. तरी नाशिकच्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा लेख वाचताना उरुकच्या कारकुनाची आठवण होते. नहपान राजाचा हा जावई भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवतो. दोन हजारांवर महिना शेकडा एक, उरलेल्या हजारांवर शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही त्यात लिहिलं आहे.

विसरलेली लिपी पुन्हा वाचली

कीलाकार लिपी तीन हजार वर्षं चालली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या खगोलाच्या पाट्या ही तिची शेवटची ज्ञात उदाहरणं. मग ती वाचणारं कोणीच उरलं नाही. ती पुन्हा उलगडण्याच्या कहाणीत मुंबई येते. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला कार्स्टन नीबूर १७६३ मध्ये मुंबईला पोचला. साथीदार एकेक करून दगावले होते, शेवटचाही मुंबईत गेला. एकटा उरलेल्या नीबूरने घारापुरीची लेणी पाहून त्यांची चित्रं काढली, नंतर मस्कतमार्गे इराणला जाऊन १७६५ मध्ये पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यातले लेख काळजीपूर्वक उतरवले.

त्या नकला वापरून गेऑर्ग ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने १८०२ मध्ये पहिलं दार उघडलं. त्याचा तर्क साधा होता. इराणी राजांचे लेख 'अमुक, थोर राजा, राजाधिराज, तमुकाचा पुत्र' अशा साच्याचे असणार. त्याला दोन लेख असे दिसले की एकातला राजा दुसऱ्यातल्या राजाचा बाप, पण त्या बापाच्या बापापुढे 'राजा' हा शब्द नाही. ग्रीक इतिहासातून माहीत असलेल्या घराण्यात हे कुठे बसतं? हिस्टास्पेस राजा नव्हता, त्याचा मुलगा दरायस, त्याचा मुलगा झर्क्सीस. नावं बसली, नावांवरून अक्षरं मिळाली. पुढे मुंबई फलटणीतला अधिकारी हेन्री रॉलिन्सन याने इराणमधल्या बेहिस्तुनच्या उंच कड्यावरचा दरायसचा तीन भाषांतला लेख जिवावर उदार होऊन उतरवला. कड्याच्या सर्वांत अवघड भागावर चढून ठसे घेतले ते एका कुर्दी मुलाने. त्या मुलाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

तरी शंका होतीच : हे लोक खरंच वाचतात की कल्पना लढवतात? १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने असिरियाचा राजा तिग्लथ-पिलेसर याचा नवा सापडलेला लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ऑपर्ट या चौघांना दिला. चौघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करून बंद पाकिटात पाठवलं. पाकिटं फोडली तेव्हा चारही भाषांतरं मुख्य मुद्द्यांत जुळत होती.

आज जगभरच्या संग्रहालयांत काही लाख पाट्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ कोणी अजून नीट वाचलेल्या नाहीत, कारण ही लिपी वाचणारी माणसंच जगात थोडी. रॉबर्ट एंग्लंड या अभ्यासकाने लॉस एंजेलिसमधून सुरू केलेल्या प्रकल्पामुळे पाट्यांची छायाचित्रं आणि वाचनं आता इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येतात. उरुकच्या पहिल्या पाट्यांवरची कित्येक चिन्हं अजून अर्थाविना आहेत. त्यांच्यापुढचे आकडे मात्र वाचता येतात, त्यामुळे किती होतं ते कळतं, काय होतं ते शोधणं चालू आहे.